किल्ली कोणाच्या हातात?

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता अशा भागांतल्या सोसायट्यांच्या फाटकापाशी एक दृश्य हमखास दिसतं. नवरा-बायको, सोबत दोघांपैकी कोणाची तरी आई आणि दुचाकीवर बसल्याबसल्या पुढच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणारा एजंट. वॉचमनच्या वहीत नावं लिहून सगळे वर जातात. एजंट जुडग्यातली किल्ली शोधतो, कुलूप काढतो, आत शिरताच सगळे दिवे लावतो, बाल्कनीचं दार सरकवतो आणि म्हणतो, “बघा, हवा किती खेळती आहे!” दहाव्या मिनिटाला मंडळी पुन्हा फाटकाशी असतात, कारण साडेअकराला दुसरं घर बघायचं असतं.

त्याच इमारतीत दोन मजले वर मालक स्वतःच घर दाखवत असतात. इथे आधी पाणी, मग चहाचा आग्रह. गाव कोणतं, नोकरी कुठे, मुलं किती, ही चौकशी. मग स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या कोणाकडून बसवून घेतल्या, कपाटाचं लाकूड कुठून आणलं, मुलीने दहावीचा अभ्यास कोणत्या खोलीत केला, हे सगळं येतं. पाऊण तास जातो. निघताना पाहुणे पायांत चपला सरकवत असतात, तेव्हा काकू सहज बोलून जातात, “मे महिन्यात टँकर लागतो हो, पण सोसायटी सगळं व्यवस्थित करते.”

दोन्ही घरं एकाच नकाशाची. टँकर दोन्ही घरांसाठी येतो. पण त्याची गोष्ट एकाच कुटुंबाला कळली.

घर बघायला जाणारे लोक भाव, मजला, दिशा, पार्किंग यांचा विचार करून जातात. घर कोण दाखवणार, हे मात्र ज्याला वेळ असेल त्याच्यावर सोडलेलं असतं. खरं तर पाहणीत काय दिसेल, काय ऐकू येईल आणि कोणता प्रश्न विचारायचा धीर होईल, हे बरंचसं किल्ली हातात असलेल्या माणसावर ठरतं. मालकाला घर माहीत असतं. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, वरच्यांच्या बाथरूममधून गळती झाली होती का, पश्चिमेच्या खोलीत एप्रिलमध्ये संध्याकाळी बसवतं का, समोरच्या मंगल कार्यालयाचा बँड रात्री किती वाजता थांबतो, सोसायटीच्या वार्षिक सभेत कोणावरून वाद होतो, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. एजंटला बाजार माहीत असतो. शेजारच्या इमारतीत गेल्या महिन्यात सौदा कितीला झाला, कोणती बँक या इमारतीवर कर्ज देते, कोणत्या सोसायटीचं अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) अजून झालेलं नाही, हे त्याच्या जिभेवर असतं. निदान चांगल्या एजंटच्या तरी.

कायद्याने यातली एक बाजू फार पूर्वी स्पष्ट केली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या ५५व्या कलमात विकणाऱ्याची कर्तव्यं दिली आहेत, आणि पहिलंच कर्तव्य असं की मालमत्तेत किंवा तिच्या मालकीहक्कात जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही, तो त्याने स्वतःहून सांगितला पाहिजे. तो लपवला तर कायदा त्याला कपट म्हणतो. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की मालमत्तेबद्दल आणि हक्कांबद्दल घेणाऱ्याने विचारलेल्या सगळ्या संबंधित प्रश्नांची उत्तरं विकणाऱ्याने आपल्या माहितीप्रमाणे दिली पाहिजेत. करारात वेगळं ठरलं नसेल तर ही बांधिलकी लागू असते. सव्वाशे वर्षांहून जुनी ही तरतूद घर बघायला निघालेल्या माणसाच्या कानावर क्वचितच पडलेली असते. भिंतीच्या ओलीबद्दल एजंटला विचारलं आणि तो “नाही हो, कुठली ओल!” म्हणाला, तर ते एका मध्यस्थाचं मत झालं. तोच प्रश्न मालकाला विचारला की उत्तर देण्याची जबाबदारी थेट त्याच्यावर येते.

एजंटवर कायद्याचं बंधन नाहीच, असं मात्र नाही. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्याने नोंदणी झालेल्या प्रकल्पातल्या घरांची विक्री करून देणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची केली. खोटी माहिती देऊन गिऱ्हाईक ओढायला मनाई केली. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला १० हजार रुपये दंड आहे आणि तो घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३मध्ये एक पाऊल पुढे टाकून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सुरू केली. पण या सगळ्याचा रोख नव्या प्रकल्पांकडे आहे. वीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतला जुना फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाला या चौकटीत यावंच लागत नाही. चहाच्या टपरीवर दोन फोन घेऊन बसणाराही ते काम करू शकतो आणि करतोही. जुन्या घरांच्या व्यवहारातही एजंटची नोंदणी सक्तीची व्हायला हवी. कारण नव्या प्रकल्पात निदान बिल्डरचा नमुना फ्लॅट आणि महारेराच्या संकेतस्थळावरची कागदपत्रं समोर असतात. जुन्या घरात असतं ते फक्त दाखवणाऱ्याचं तोंड.

आता पैशाचं गणित. महाराष्ट्रातल्या शहरांत जुन्या घराच्या विक्रीवर साधारण १ ते २ टक्के दलाली दोन्ही बाजूंकडून घेतली जाते. भाड्याच्या घराला बहुतेक ठिकाणी एका महिन्याचं भाडं. समजा ८० लाखांचं घर आहे आणि दलाली १ टक्का. सौदा झाला की एजंटला मालकाकडून ८० हजार मिळतात. मालकाने आणखी महिनाभर थांबून २ लाख जास्त मिळवले, तर त्यातले एजंटच्या वाट्याला २ हजार येणार. त्या महिन्यात त्याला आणखी पंधरा वेळा कुलूप उघडायचं, पंधरा कुटुंबांना वर न्यायचं. २ हजारांसाठी हे कोण करेल? म्हणून एजंटचा कल सौदा वरचा होण्यापेक्षा लवकर होण्याकडे असतो. यात लबाडी असेलच असं नाही. हिशेबच तसा आहे.

या हिशेबाचा पुरावा अमेरिकेत मिळाला. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळजवळ १ लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांतली तीन हजारांहून अधिक घरं एजंटांची स्वतःची होती. इतर बाबी सारख्या धरल्या, तेव्हा दिसलं की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतो आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो. गिऱ्हाइकाला “हा भाव सोडू नका” म्हणणारा माणूस स्वतःच्या घराच्या वेळी थांबत होता.

मग एजंट टाळलाच तर? विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात मालकांनी थेट जाहिरात द्यायची एक स्वस्त सोय होती. १९९८ ते २००४ या काळातल्या तिथल्या व्यवहारांचा तीन अर्थतज्ज्ञांनी माग काढला. थेट विकणाऱ्या मालकांना किंमत कमी मिळालेली नव्हती, मात्र घर विकायला वेळ जास्त लागला, आणि अनेकजण थकून शेवटी एजंटकडेच गेले. दुसरा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातला. तिथली जमीन विद्यापीठाची, घर घेणारे प्राध्यापक आणि कर्मचारीच, आणि विक्रीला असलेल्या सगळ्या घरांची यादी सगळ्यांना दिसते. म्हणजे गिऱ्हाईक शोधून आणण्याचं एजंटचं मुख्य काम तिथे उरतच नाही. तिथे एजंट नेमून विकलेल्या घरांना ५.९ ते ७.७ टक्के कमी किंमत आली.

हे आकडे पुण्या-मुंबईला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. स्टॅनफर्डसारखी सगळ्यांना दिसणारी एकच यादी इथे नाही. एकच फ्लॅट चार एजंटांच्या व्हॉट्सॲप गटांत चार वेगवेगळ्या भावांनी फिरत असतो. गिऱ्हाईक आणून देणं हे इथे एजंटचं खरं काम आहे आणि त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. पण याच व्यवस्थेमुळे घर दाखवताना एक अडचण उभी राहते. मालक आणि गिऱ्हाईक परस्पर बोलले तर दलाली बुडेल, ही भीती एजंटला कायम असते आणि ती निराधारही नाही. त्यामुळे तो दोघांच्या मध्ये उभा राहतो. मालक बोलायला लागला की “साहेब, ते आपण नंतर बघू” म्हणून विषय बदलतो, फोन नंबरची देवाणघेवाण होऊ देत नाही. पाण्याचा, ओलीचा, टँकरचा प्रश्न ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

या भीतीवर कागदाचा एक उपाय अमेरिकेत सापडतो. तिथल्या एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने दलालीवरच्या खटल्यांत ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली आणि त्यातून आलेला नियम १७ ऑगस्ट २०२४पासून लागू झाला. तेव्हापासून घेणाऱ्याच्या एजंटने पहिलं घर दाखवण्याआधीच त्याच्याशी लेखी करार करायचा असतो आणि आपण किती पैसे घेणार ते त्यात लिहायचं असतं. दलाली आधीच कागदावर आली की मालकाशी बोलू न देण्याचं कारण उरत नाही. आपल्याकडे हे करायला कायदा बदलण्याची वाट बघायची गरज नाही. एका साध्या कागदावर रक्कम, ती कधी द्यायची आणि कोणत्या घरासाठी, एवढं लिहून दोघांनी सही केली तरी पुढची पाहणी मोकळेपणाने होते.

मालकाने दाखवलेल्या घराच्याही मर्यादा आहेत आणि त्या प्रेमातून येतात. बॉस्टन शहरातल्या फ्लॅटचे भाव १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पडले, तेव्हाच्या विक्रीचा अभ्यास डेव्हिड जेनसोव्ह आणि क्रिस्टोफर मायर यांनी २००१मध्ये मांडला. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत येणार होती, ते मालक बाजार पडला आहे हे दिसत असूनही भाव चढा सांगत आणि त्यांची घरं जास्त काळ अडकून पडत. आपल्याकडेही असा मालक प्रत्येक सोसायटीत आहे. त्याने २०१४मध्ये घेतलं तेव्हाचा भाव, त्यावर व्याज, त्यावर फर्निचरचा खर्च, अशी बेरीज त्याच्या मनात तयार असते. सागवानी देवघर काढून टाकू, असं घेणारी मुलगी कुजबुजली तरी त्याचा चेहरा पडतो. पाहणाऱ्यालाही अवघडल्यासारखं होतं. समोर आजोबा बसलेले असताना त्यांच्या बाथरूममधला नळ सोडून बघायचा, सिंकखाली वाकायचं, कपाट सरकवून मागची भिंत चाचपायची, हे संकोचाने राहून जातं.

स्वीडनमध्ये उलटी रीत आहे. घर बघायला लोक येतात तेव्हा मालक बहुधा घराबाहेर पडतो आणि एजंट दार उघडं ठेवतो. तिथल्या कायद्यात घराची तपासणी करण्याची मोठी जबाबदारी घेणाऱ्यावर आहे आणि एजंटने दोन्ही पक्षांचं हित सांभाळायचं, असा दंडक आहे. मालकाच्या नजरेआड लोक निवांतपणे नळ सोडतात, कपाटं उघडतात. स्कॉटलंडमध्ये मालकाने स्वतः घर दाखवण्याची प्रथा जुनी आहे, पण तिच्या जोडीला १ डिसेंबर २००८पासून एक अहवाल आला. बहुतेक घरं विक्रीला काढताना तज्ज्ञ सर्वेक्षकाने केलेली पाहणी, ऊर्जेच्या वापराचा तपशील आणि मालकाने स्वतः भरलेली प्रश्नावली, असा संच तयार ठेवावा लागतो. प्रश्नावलीत पार्किंग, घरात केलेले बदल, पुराचं पाणी शिरलं होतं का, असे प्रश्न असतात. या तीन कागदांतला शेवटचा महाराष्ट्रातल्या कोणत्याही सोसायटीला उद्यापासून सुरू करता येईल. सदस्याने घर विकायला काढलं की एक पान भरून द्यायचं: पाण्याची वेळ, टँकरचा खर्च, गळतीची दुरुस्ती, थकबाकी, पार्किंगची स्थिती.

पार्किंगची स्थिती तर हमखास लिहून घ्यावी, कारण इथे मालक आणि एजंट दोघेही चुकीचं बोलतात, आणि बहुधा खरं समजूनच बोलतात. “खालचं स्टिल्ट पार्किंग आपल्या मालकीचं आहे,” हे वाक्य प्रत्येक पाहणीत ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्या प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला की खांबांमधली अशी मोकळी जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, ती इमारतीच्या सामायिक जागेचा भाग आहे. तेव्हा त्या रंगवलेल्या चौकोनावर घराचा भाव वाढवून मागितला तर सोसायटीने ती जागा कोणाला, कशाच्या आधारावर दिली, हे बघूनच पुढे जावं.

मालकाने स्वतः घर दाखवण्यात धोकाही असतो. लंडनमध्ये २८ जुलै १९८६ रोजी सुझी लँपलू ही २५ वर्षांची इस्टेट एजंट फुलहॅम भागातलं एक घर दाखवायला गेली आणि परत आलीच नाही. तिच्या रोजनिशीत गिऱ्हाइकाचं नाव ‘मिस्टर किपर’ असं होतं. तिचा शोध आजही लागलेला नाही. तिच्या आई-वडिलांनी स्थापन केलेली संस्था कामानिमित्त एकट्याने अनोळखी माणसांना भेटणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी तेव्हापासून काम करते आहे. ती तर व्यावसायिक एजंट होती. जाहिरातीवर फोन नंबर टाकून दुपारी एकट्या घरी असणाऱ्या आजींनी येईल त्याला दार उघडावं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. पाहुण्याचं पूर्ण नाव आणि ओळखपत्र वॉचमनच्या वहीत, आणि घरात दुसरं कोणीतरी हजर, एवढं झाल्याशिवाय मालकाने घर दाखवू नये.

आणि एक पाहणी अशी असते जी होतच नाही. भाड्याच्या घरासाठी फोन केला की “आडनाव काय?”, “व्हेज की नॉनव्हेज?”, “फॅमिली ना?” हे प्रश्न आधी येतात आणि उत्तर ऐकून घर ‘कालच गेलं’ असतं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन याचा पडताळा घेतला, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावाच्या भाडेकरूंना नकार किती जास्त मिळतो हे २०१५मध्ये कागदावर आलं. एजंट या नकाराचा पडदा होतो. मालकाला तोंडावर म्हणावं लागत नाही, एजंटला ‘मालकाची अट आहे’ म्हणता येतं. घर दाखवण्याच्या पद्धतीतला हा सगळ्यांत वाईट भाग आहे आणि तो दोघांनी मिळून चालवलेला आहे.

पुण्यातली, डोंबिवलीतली कितीतरी घरं आज कुलूपबंद आहेत. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी दुबईत, आई-वडील गेलेले. किल्ली शेजारच्या काकूंकडे. अशा घरात एजंटबरोबर त्या काकू वर आल्या तर पाहणाऱ्याने त्यांच्याशी आधी बोलावं. त्यांना ना दलाली मिळायची आहे, ना भाव. गच्चीवरची टाकी कधी फुटली आणि खालच्या दुकानदाराशी भांडण कशावरून झालं, हे त्या सरळ सांगतात.

भावाच्या बाबतीत मात्र मालकावर आणि एजंटवर, दोघांवरही विसंबायची गरज आता उरलेली नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च या सोयीत नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन बघता येते. त्याच इमारतीत अलीकडे झालेल्या विक्रीची नोंदलेली रक्कम तिथे असते. पूर्वी ही माहिती सहसा एजंटच्या वहीतच सापडायची. घर बघायला निघण्याआधी अर्धा तास देऊन ती काढून ठेवली तर वर पोचल्यावर भावाच्या गप्पांत वेळ जात नाही आणि घराकडे लक्ष राहतं.

हे सगळं बघता एका फेरीत घर ठरवणं चुकीचं आहे. पहिली फेरी एजंटबरोबर, मालक घरात नसताना व्हावी. नळ सोडून बघावेत, फ्लश ओढून बघावा, मोजपट्टी लावावी, कोपऱ्यातल्या भिंतीवर नवा रंग दिसला तर तिथे हात ठेवून बघावा. दुसरी फेरी मालकाबरोबर, शक्यतो पाणी येण्याच्या वेळेला. पावसाळ्यात जमलं तर फारच उत्तम, कारण गळती लपत नाही ती जुलैमध्येच. मालकानेही घर स्वतः दाखवावं, पण भावाची बोलणी दुसऱ्या कोणाला तरी करू द्यावीत.

या दुसऱ्या फेरीत मालकाला विचारलेले प्रश्न आणि त्यांनी दिलेली उत्तरं त्याच संध्याकाळी त्यांना मेसेजवर लिहून पाठवा आणि “बरोबर आहे ना?” एवढं विचारा. टोकनची रक्कम त्यांचं लेखी उत्तर आल्यावरच द्या.